चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : परवडणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं की इतिहासाच्या व्याख्यानमालेत जुन्या मोटारींचा बाजार कुठून आला? रास्त प्रश्न आहे. एखाद्या वस्तूचा इतिहास सांगताना आपण ती कुणी शोधली, कुठल्या कारखान्यात बनली, पहिल्यांदा कुणी विकत घेतली, इथपर्यंत येतो आणि थांबतो. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मालकाचं नाव कुठल्या पुस्तकात येत नाही. पण मोटार जगते की भंगारात जाते, हे ठरतं याच लोकांच्या दारात.

आज बोलायचं आहे ते स्पोर्ट्स कारबद्दल, आणि तीही वापरलेली, परवडणारी. दोन माणसांपुरती, हलकी, बुटकी, वळणावर मजा देणारी गाडी. अब्जाधीशांच्या फेरारी-लँबोर्गिनी आपण बाजूला ठेवू. कारखान्यातला फिटर, शाळेतला शिक्षक, नुकती नोकरी लागलेला मुलगा किंवा मुलगी यांनी साठवलेल्या पैशांतून घेतलेली गाडी, असं चित्र डोळ्यासमोर आणा. अशा माणसाचा सौदा फसला तर दोन-तीन वर्षांची बचत जाते. म्हणून हा विषय दिसतो तेवढा हौसेचा नाही.

आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुन्या स्पोर्ट्स कारचा सगळा इतिहास या म्हणीत बसतो. कोंबडी किती स्वस्त मिळाली हे जो तो सांगतो. मसाला कुठे मिळतो, काय भावानं मिळतो, हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे: सामान्य माणसाला ज्या स्पोर्ट्स कार खरोखर परवडल्या, त्यांच्या पोटात बहुतेक वेळा एखाद्या साध्या घरगुती गाडीचे भाग होते. ज्यांच्या पोटात तसे नव्हते, त्या स्वस्तात मिळाल्या, पण परवडल्या नाहीत. आता हे उदाहरणांवरून पाहू.

ऑक्सफर्डचं गॅरेज

सुरुवात करू इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातून. विल्यम मॉरिस हा तिथला मोटार कारखानदार. त्याच्या मालकीचं विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, मॉरिस गॅरेजेस. १९२२ मध्ये त्याचा जनरल मॅनेजर झाला सेसिल किंबर. मॉरिसच्या साध्या गाड्या घ्यायच्या, त्यांना देखणी, हलकी बॉडी चढवायची आणि थोड्या जास्त पैशांना विकायच्या, हा किंबरचा उद्योग. मॉरिस गॅरेजेसच्या आद्याक्षरांवरून त्या गाड्यांना नाव पडलं, एमजी.

१९२८ मध्ये मॉरिसनं मायनर नावाची छोटी गाडी काढली. ८४७ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर. किंबरनं तिची चासी आणि इंजिन उचललं, वर लाकडी सांगाडा आणि प्लायवूडला कापड मढवलेली, मागे निमुळती होत जाणारी दोन सीटची बॉडी बसवली, आणि त्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ती मांडली. नाव एमजी मिजेट, किंमत १७५ पौंड. तोवर स्पोर्ट्स कार म्हणजे जमीनदारांचा आणि शर्यतवाल्यांचा मामला. १७५ पौंडांत बँकेतला कारकूनही हिशेब मांडू लागला. अशा तीन हजारांहून जास्त गाड्या खपल्या.

या गाडीत किंबरनं नवा शोध असा काहीच लावला नव्हता. त्यानं आपल्याला दिली ती एक पाककृती: घरगुती गाडीचं पोट आणि वर नखरेल अंग. या पाककृतीचा खरा फायदा पुढच्या मालकांना झाला. मिजेटचं इंजिन बिघडलं तर मॉरिस मायनर दुरुस्त करणारा कुठलाही मेकॅनिक ते उघडू शकत होता. किंबरनं गाडी बनवण्याचा खर्च वाचवला, आणि नकळत ती सांभाळण्याचा खर्चही वाचवून ठेवला.

जुन्या गाडीचा बाजार आणि एक अर्थशास्त्रज्ञ

आता थोडं अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. १९१९ मध्ये जनरल मोटर्सनं हप्त्यांवर गाडी देण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. विशीच्या दशकात दरवर्षी नवं मॉडेल काढायची प्रथा रुजू लागली आणि जुनी गाडी देऊन नवी घ्यायचा प्रकार सर्रास झाला. विक्रेत्यांच्या आवारात जुन्या गाड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९२७ मध्ये बंद पडली त्याच्या अनेक कारणांपैकी एक हेही होतं, की तेवढ्याच पैशांत लोकांना चांगली वापरलेली गाडी मिळायला लागली होती.

पण या बाजारात एक मूळ गोम आहे. गाडीची खरी हालत विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. ही गोम नीट उलगडून दाखवली जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं. १९७० मध्ये त्यानं जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन एक निबंध छापला. अमेरिकेत फसव्या, रडतराव गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. त्याचा युक्तिवाद असा: घेणाऱ्याला चांगली गाडी आणि लिंबू यातला फरक कळत नाही, म्हणून तो सरासरी भावच देऊ करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून गाडी काढून घेतो. मग उरतात ती लिंबं. भाव आणखी उतरतो, आणखी चांगल्या गाड्या बाहेर जातात. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. २००१ मध्ये ॲकरलॉफला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या गृहस्थानं १९६७-६८ चं वर्ष दिल्लीत काढलं होतं आणि त्या निबंधात भारतातल्या सावकारीचीही चर्चा आहे. सावकाराला गावातला कोण कसा आहे ते माहीत असतं, बाहेरच्याला नसतं. मुद्दा तोच, माहिती कुणाकडे आहे?

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही गोम दुप्पट होते. एक तर ती गाडी मालकानं रेमटवलेली असण्याची शक्यता जास्त. दुसरं म्हणजे ती विकायला निघते तेव्हाचं कारण. घरात पाळणा हलला की दोन सीटची गाडी विकायला निघते, हे प्रामाणिक कारण झालं. (सभागृहात हशा) पण मोठ्या दुरुस्तीचा अंदाज मेकॅनिकनं सांगितला की दुसऱ्या दिवशीही ती विकायला निघते. दोन्ही मालक तुम्हाला पाळण्याचंच कारण सांगतात.

युद्धानंतर: अंग इंग्लंडचं, पोट आपल्या ओळखीचं

किंबर फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर झालेल्या रेल्वे अपघातात गेला. त्याची पाककृती मात्र युद्धानंतरच खरी पसरली. युद्धामुळे इंग्लंडचं कंबरडं मोडलं होतं. पोलाद रेशनवर होतं, आणि ते निर्यात करणाऱ्या कारखान्यांना आधी मिळत होतं. एमजीनं १९४५ मध्ये टीसी नावाची गाडी काढली. १२५० सीसी, ५४ हॉर्सपॉवर, आणि इंजिनाचं घराणं मॉरिस टेनचं. चार वर्षांत अशा दहा हजार बनल्या. त्यातल्या साधारण दोन हजारच अमेरिकेत गेल्या, त्याही सगळ्या उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या. तरी अमेरिकेला छोट्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचं वेड लावलं ते टीसीनं. १९५५ ला आलेल्या एमजीएचा आकडा लाखावर गेला आणि त्यातल्या बहुतेक गाड्या परदेशी गेल्या.

इथे आपला संबंध येतो. एमजीएमध्ये जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज इंजिन. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या अँबेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, तेही बी-सीरिजच. मंत्र्यांची, टॅक्सीवाल्याची आणि जिल्हाधिकाऱ्याची गाडी, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टप उघडून फिरणारी लाल गाडी, दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं!

दुसरं उदाहरण तर आणखी जवळचं. ट्रायम्फ हेरल्ड ही १९५९ ची इंग्रजी गाडी. तिचा आकार जोव्हानी मिकेलॉटी या इटालियन माणसानं काढला होता. तिची चासी वेगळी होती, बॉडी तिच्यावर बोल्टनं बसायची, त्यामुळे परदेशात जुळणी करणं सोपं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ नावानं बनवली. मुंबई-पुण्यातल्या वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. त्याच हेरल्डची चासी आखूड करून, त्याच मिकेलॉटीकडून नवं अंग काढून घेऊन ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर काढली. ११४७ सीसी, ६३ हॉर्सपॉवर. कंपनीकडे पैसा नसल्यानं तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली पडून होता. लेलँडनं कंपनी विकत घेतल्यावर तो नव्या मालकांच्या नजरेला पडला, असं सांगतात. पुढे १९८० पर्यंत तीन लाखांवर स्पिटफायर बनल्या.

म्हणजे आपल्या रस्त्यांवर इंग्रजी स्पोर्ट्स कारचं पोट होतं, अंग तेवढं नव्हतं. बंद अर्थव्यवस्था, मोटार घ्यायला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी, अशा काळात दोन सीटची गाडी कोण बनवणार? आपल्या हौशी लोकांनी मग मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट आणि हेरल्डच शर्यतीसाठी तयार करून पळवल्या. पाककृती तीच, वाढायची पद्धत वेगळी.

या काळातली सर्वांत काटकसरी गाडी म्हणजे १९५८ ची ऑस्टिन-हिली स्प्राइट. इंजिन ऑस्टिन ए-३५ चं, ९४८ सीसी. स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. बाहेरून दार उघडायला हँडल नाही, मागे डिकीला झाकण नाही. सामान सीटमागून आत सरकवायचं. दिवे बॉनेटमध्ये मिटणारे करायचे होते, पण खर्च वाढतो म्हणून तसेच वर उभे ठेवले. त्यामुळे चेहरा बेडकासारखा झाला, आणि लोक तिला ‘फ्रॉगआय’ म्हणू लागले. करासह किंमत ६६९ पौंड. आज तिचे सुटे भाग मिळतात याचं कारणही तेच: हे ए-सीरिज इंजिन पुढे मिनीतही गेलं आणि लाखोंच्या संख्येनं बनत राहिलं.

तिसऱ्या मालकाच्या दारात

आतापर्यंत गोष्ट गोड चालली आहे. आता मसाल्याकडे येऊ.

१९६२ मध्ये एमजीबी आली. १७९८ सीसी, पुन्हा बी-सीरिज. १९८० पर्यंत पाच लाखांवर बनल्या. पण तिच्यात एक मोठा बदल होता. तिला वेगळी चासी नव्हती. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखाली जो लांबलचक पोकळ पत्र्याचा भाग असतो, ज्याला इंग्रज ‘सिल’ म्हणतात, त्याला आपण गाडीचा उंबरठा म्हणू. छत नसलेल्या गाडीचा सगळा भार या दोन उंबरठ्यांवर असतो. इंग्लंडचा पाऊस, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. हे खारट पाणी उंबरठ्याच्या पोकळीत शिरतं, आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा कागद झालेला. हुशार विक्रेते तिथे लांबी भरून, वर रंग मारून गाडी उभी करायचे. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकायचा, ब्रेक दाबून बघायचा, आणि उंबरठ्याखाली हात घालायचा विसरायचा.

ब्रिटिश सरकारनं १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना तपासणी सक्तीची केली. ती एमओटी चाचणी. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं मीटर मागे फिरवणं गुन्हा ठरवलं. ॲकरलॉफच्या भाषेत सांगायचं तर, विकणाऱ्याकडची थोडी माहिती सरकारनं घेणाऱ्याच्या हातात दिली. जुन्या बाजाराच्या इतिहासात या दोन तारखा कुठल्याही नव्या मॉडेलइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

धोका नेहमी खिशालाच असतो असंही नाही. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या मॉडेलांत मागची चाकं झुलत्या आसांवर होती, हेरल्डसारखीच. जोरात वळण घेताना चालकानं घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मागची चाकं आत दुमडायची आणि गाडीचा मागचा भाग सटकायचा. हेरल्डच्या वेगाला जे चालून गेलं, ते स्पिटफायरच्या वेगाला चाललं नाही. १९७० च्या मार्क फोरमध्ये ही रचना बरीच सुधारली. पण आधीच्या गाड्या कुठे गेल्या? त्या स्वस्त झाल्या, आणि स्वस्त झाल्या म्हणून नवशिक्या पोरांच्या हातात गेल्या. घरगुती पोट असलं की सगळं भागतं, असं म्हणूनच मी म्हणत नाही. त्या पोटाच्या मर्यादाही पुढच्या मालकाकडे वारसा म्हणून येतात.

सप्टेंबर १९७९ मध्ये एमजीच्या ॲबिंग्डन कारखान्यात ५० वर्षांचा सोहळा झाला, आणि तो आटोपतो न आटोपतो तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. ज्या कामगारांनी जगाला परवडणारी मौज दिली, ते घरी बसले. गाड्या मात्र उरल्या. पाच लाख गाड्यांचे मालक, त्यांचे क्लब, त्यांना भाग पुरवणारे दुकानदार, हा पसारा कारखान्याशिवाय चालू राहिला. १९८८ मध्ये तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं जुनी हत्यारं आणि साचे गोळा करून एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. म्हणजे तुमच्या गाडीचा सांगाडा गंजून गेला असेल तर नवा सांगाडा घ्या आणि जुनं इंजिन, चाकं, सीट त्यात बसवा. त्या कोऱ्या बॉडीच्या आधारानं कंपनीनं १९९२ मध्ये एमजी आरव्ही-८ नावाची गाडी काढली. साधारण दोन हजार बनल्या, बहुतेक जपानला गेल्या. नव्या गाडीनं जुन्या गाडीच्या सुट्या भागांतून जन्म घ्यावा, असं मोटारींच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल.

जर्मन आडनाव

आता उलट बाजू. पोर्शे हे नाव घेतलं की लोक सरसावून बसतात. १९६९ मध्ये पोर्शे आणि फोक्सवॅगननं मिळून ९१४ काढली, इंजिन फोक्सवॅगनचं. पुढची ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर फोक्सवॅगननं अंग काढून घेतलं, पोर्शेनं आराखडा विकत घेतला आणि १९७६ च्या सुमारास गाडी बाजारात आणली. तिचं दोन लिटरचं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही वापरलं गेलं. ‘व्हॅनचं इंजिन’ म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली. पण दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला त्या व्हॅनच्या इंजिनानंच तारलं.

१९८२ मध्ये ९४४ आली. ही दिसायला जास्त रुबाबदार, इंजिन पोर्शेचं स्वतःचं, अडीच लिटर. आणि इथे मसाला महागला. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर पिस्टन आणि व्हाॅल्व्ह एकमेकांवर आदळतात. इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि क्लच पुढे इंजिनापाशी, त्यामुळे एक क्लचप्लेट बदलायला मागचं सगळं उतरवावं लागतं. भाग एक दिवसाचा, मजुरी आठवड्याची. हीच गाडी दहा-बारा वर्षांची झाल्यावर स्वस्तात मिळायची. पण गाडीची किंमत उतरली म्हणून क्लचची उतरत नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा ती ज्या वर्गातली होती, दुरुस्तीचं बिल आयुष्यभर त्याच वर्गाचं येतं.

१९९६ च्या बॉक्स्टरचं तेच. इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग. सगळ्याच गाड्यांत ते गेलं नाही, पण ज्यांचं गेलं त्यांचं बहुतेक इंजिनच गेलं. जुन्या बॉक्स्टरच्या भावात या एका बेअरिंगची भीती आजही मोजलेली असते. म्हणून ‘एवढ्यात पोर्शे मिळतेय’ असं कुणी म्हणालं, की आधी विचारायचं: हे बेअरिंग कधी बदललं, बिल दाखवा.

जपाननं पाककृती परत वाढली

इंग्रज दमले तेव्हा जपानी पुढे आले. १९६९ च्या अखेरीस निसाननं अमेरिकेत डॅटसन २४०झेड आणली. किंमत ३,५२६ डॉलर. तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ठेवण डॅटसन ५१० या साध्या गाडीच्या चार सिलिंडरच्या इंजिनावरून वाढवलेली. अमेरिकेत ती उभी करण्यामागे युताका काटायामा हा माणूस होता. लोक त्याला ‘मिस्टर के’ म्हणत. इंजिन दणकट होतं, पत्रा कच्चा. पुष्कळ गाड्या गंजानंच गेल्या. नव्वदीच्या दशकात निसाननं एक गमतीशीर प्रयोग केला. स्वतःच जुन्या २४०झेड विकत घेतल्या, नव्यासारख्या केल्या आणि आपल्या शोरूममधून साधारण २५ हजार डॉलरला विकायला ठेवल्या. पन्नासही खपल्या नाहीत. कंपनीच्या पद्धतीनं, कंपनीच्या मजुरीनं जुनी गाडी नवी करणं केवढ्याला पडतं, हे त्या प्रयोगातून जगाला कळलं. हे काम हौशी मालकाला परवडतं ते तो स्वतःच्या रविवारची मजुरी धरत नाही म्हणून.

शेवटचं मोठं उदाहरण माझ्दा एमएक्स-५ चं. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकारानं माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की जुन्या इंग्रजी गाड्यांसारखी साधी, उघडी, मागची चाकं ओढणारी गाडी आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. दोन वर्षांनी हॉल माझ्दातच नोकरीला लागला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली. १.६ लिटरच्या इंजिनाचं मूळ माझ्दा ३२३ या घरगुती गाडीत. वजन टनाच्या आत. किंमत १३,८०० डॉलर. किंबरची १९२८ ची पाककृती जशीच्या तशी. फक्त आता हुडातून पाणी गळत नव्हतं आणि गाडी रोज सकाळी सुरू होत होती. २००० साली दोन सीटची सर्वाधिक खपलेली स्पोर्ट्स कार म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली.

हा दहा लाखांचा आकडा जुनी गाडी घेणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे. जितक्या गाड्या बनल्या, तितके सुटे भाग, तितके मेकॅनिक, तितके अनुभवी मालक. म्हणजे ॲकरलॉफनं सांगितलेला माहितीचा तुटवडा इथे कमी. कुठल्या वर्षाच्या गाडीत काय बिघडतं हे सगळ्यांना माहीत आहे. गंज मात्र तिलाही सोडत नाही, आणि कुठे? मागच्या चाकाच्या पुढे, उंबरठ्यात. एमजीबीची आठवण येते ना? २०१७ मध्ये माझ्दानं जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून देण्याची आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवण्याची योजना जाहीर केली. ॲबिंग्डन बंद पडल्यावर जे क्लबांनी आणि दुकानदारांनी केलं, ते इथे कारखान्यानं स्वतः अंगावर घेतलं.

तर मंडळी, किंमत दोन प्रकारची असते. एक दलाल सांगतो ती, आणि दुसरी मेकॅनिक सांगतो ती. इतिहास सांगतो की दुसरी आधी विचारावी.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, आपल्याकडे अशी गाडी कधी झालीच नाही का?

झाली. शतक पालटण्याच्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी आली होती. फायबरची बॉडी, त्यामुळे गंजाचा प्रश्न नाही. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, फ्रान्समध्ये अगदी घरगुती गाड्यांत चालणारं. पाककृती बरोबरच होती. पण ते इंजिन तेव्हा आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या रोजच्या गाडीत नव्हतं. नाक्यावरच्या मेकॅनिकच्या ओळखीचं नव्हतं. घरगुती गाडीचे भाग म्हणताना घर कुठलं, हेही बघावं लागतं. म्हणून आपल्याकडच्या हौशी मुलांनी वेगळी वाट धरली. पहिल्या पिढीची होंडा सिटी व्हीटेक, फियाट पॅलिओ १.६ अशा चार-पाच सीटच्या पण चपळ गाड्या त्यांनी जुन्या घेतल्या. शोलावरमला हेरल्ड पळवणाऱ्यांचीच ही परंपरा.

प्रश्न: माझा मुलगा पहिल्या पगारातून जुनी स्पोर्टी गाडी घ्यायची म्हणतोय. काय सांगू?

नको म्हणू नका, तो ऐकणार नाही. (हशा) तीन गोष्टी सांगा. पहिली, गाडीसाठी जेवढे पैसे बाजूला ठेवलेत त्यातला चांगला तिसरा हिस्सा खर्चूच नको. टायर, क्लच, सस्पेन्शन, बेल्ट हे पहिल्या वर्षातच हात पसरतात. दुसरी, दलालाचा नाही, आपला मेकॅनिक घेऊन जा, गाडी लिफ्टवर चढवा आणि उंबरठ्याखाली हात घाला. दुरुस्तीची बिलं मागा. बिलं जपणारा मालक बहुधा गाडीही जपतो. तिसरी गोष्ट कागदांची. आरसी कुणाच्या नावावर आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का, चलान थकलेत का, हे पैसे देण्याआधी बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय किल्ली घेऊ नका. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर इथला कर भरावा लागतो. स्वस्त वाटणारी दिल्लीची गाडी इथेच महाग होते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा.

आणि हो, ती गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी त्याला एका सुट्या भागाच्या दुकानात पाठवा. त्या गाडीची क्लचप्लेट आणि पुढचा दिवा काय भावाला आणि किती दिवसांत मिळतो, एवढंच विचारून यायला सांगा. दुकानदारानं मागे वळून फळीवरून काढून दिली, तर गाडी घ्यायला हरकत नाही. ‘मागवावी लागेल’ म्हणाला, तर त्या रात्री पुन्हा एकदा हिशेब मांडायला बसवा.